क्रिप्टोवाले सगळे सट्टेबाज? जरा थांबा

हिशेबनीस
काल इथे एकांनी लिहिलं, "३० टक्के कर लावूनही जे क्रिप्टो (बिटकॉइनसारखी आभासी चलनं) घेतात ते एक तर सट्टेबाज, नाहीतर काळ्या पैशावाले." डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. काळ्या पैशावाला पॅन-आधार देऊन केवायसी कशाला करेल? विक्रीवर १ टक्का टीडीएस कापून घेऊन स्वतःचा माग कशाला सोडेल? त्याला जमिनी आहेत की! आमच्या ऑफिसातली पोरं घेतात, कारण पगारातून फ्लॅटचं डाउन पेमेंट साठणार नाही हे त्यांना कळून चुकलंय. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून क्रिप्टोच्या व्यवहारांपुरते बँकांचे हात बांधले, मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, २०२२ च्या बजेटात कर आला. पोरांनी अर्थ एवढाच काढला, की सरकार आता वाटेकरी झालंय, बंदी घालणार नाही.

पेठेतला_पुणेकर
ते 'एकांनी' म्हणजे मी. नाव घेतलंत तरी चाललं असतं. कर लावला म्हणजे कायदेशीर ठरवलं असं नाही, हे अर्थमंत्र्यांनी तेव्हाच राज्यसभेत सांगितलंय. ३० टक्के लॉटरीलाही आहे, त्याच पंगतीत बसवलंय तुम्हाला. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक योजनेचं पुण्यात काय झालं ते आठवतंय ना? दरमहा १० टक्के परतावा, १८ महिने, असं आमिष! आमच्या सोसायटीतले दोन इंजिनियर त्यात बुडाले. आणि 'ऑफिसातली पोरं' हा काय पुरावा आहे?

टीडीएसग्रस्त
आणि सोसायटीतले इंजिनियर हा पुरावा वाटतं? असो. एका कॉइनमध्ये लाख कमावले, दुसऱ्यात लाख घालवले. हातात शून्य, तरी सेससकट ३१,२०० भरा. तोटा फायद्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढायचीही सोय नाही. मग तोट्यातलं विकून फायदा काय? बसा धरून. आमच्यातले निम्मे 'लाँग टर्म इन्व्हेस्टर' असे तयार झालेत.

मिरजेची_मावशी
अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सासऱ्यांची ग्रॅच्युइटी अडकली. ठेवींचा विमा त्या वेळी १ लाखाचाच, ५ लाख झाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. मुलाने हे सगळं बघितलंय. आता तो बिटकॉइन घेतो आणि "एफडी कर" म्हणायला माझं तोंड उघडत नाही.

पेठेतला_पुणेकर
सहानुभूती आहे, मावशी. पण जादा व्याजाच्या मोहाने तिथे पैसे ठेवायचे आणि...

मिरजेची_मावशी
मोह कसला? शाखा घराशेजारी होती, मॅनेजर ओळखीचे होते. तुमच्या सरकारी बँकेत पासबुक भरायला गेलं की "मशीन बंद आहे, सोमवारी या."

खडपे_काका
पासबुकाचं मशीन!! +१००. हयातीच्या दाखल्याला गेलो, तर बोटांचे ठसे उमटेनात. मी समोर उभा, आणि बाई म्हणते, "काका, उद्या या." उद्याची खात्री हवी म्हणून तर दाखला मागताय ना?

बोरिवली_स्लो
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा. आमचे आजोबा सोनार. १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी घातली, १९६८ ला सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच आला, तो १९९० पर्यंत टिकला. लोकांनी सोनं सोडलं का? सोडला तो धंदा, आमच्या आजोबांनी. बाकी चोरटं सोनं किनाऱ्यावर उतरतच होतं. सरकार एवढं मागे लागलंय म्हणजे यात काहीतरी असणार, हा हिशेब तेव्हाही होता.

पेठेतला_पुणेकर
सोनं गळ्यात घालता येतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर, सुमारे २३ कोटी डॉलरचा डल्ला पडला. पैसे इथल्या लोकांचे आणि निवाडा सिंगापूरच्या कोर्टात! तिथे विमा किती होता? मावशींना निदान ५ लाखांचा तरी आधार होता.

मिरजेची_मावशी
१ लाखाचा! वर लिहिलंय. वाचत जा.

हिशेबनीस
विमा नाही, हे कबूल. पण २०२४ च्या जानेवारीत परदेशी एक्स्चेंजच्या साइट बंद केल्या, तेव्हा पोरं व्हीपीएन लावून गेलीच. नियम ग्राहकाला वाचवायला असता, तर आधी एक्स्चेंजवाल्यांकडून विमा मागितला असता. मागितला काय? टीडीएस.

पेठेतला_पुणेकर
बरं बाबा, काळ्या पैशावाल्यांना जमिनी परवडतात, क्रिप्टो गरिबांसाठी. खूश? 'सट्टेबाज' मात्र मागे घेणार नाही.

टीडीएसग्रस्त
नका घेऊ. आयकराच्या विवरणपत्रात सट्टेबाजाचा वेगळा रकाना असेल तर तेवढा सांगा, तिथे तोटा वजा होतो का बघतो.

खडपे_काका
ठसे उमटत नसतील तर चेहरा स्कॅन करणारं अ‍ॅप आहे म्हणे. कुणी वापरलंय का?