थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवला, तरी टीएसएच मर्यादेत का येत नाही?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४१ आणि वजन ६२ किलो आहे. दोन वर्षांपूर्वी सततचा थकवा, बद्धकोष्ठता आणि पाळीतला जास्तीचा रक्तस्राव यांमुळे तपासणी केली, तेव्हा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) वाढून १८ निघाला. थायरॉइडवरच उलटणारी अँटी-टीपीओ प्रतिपिंडेही वाढलेली होती, म्हणून थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. गेले वर्षभर ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळीवर टीएसएच ३ च्या आसपास होता. जुलैमध्ये मात्र तो ९.४ झाला. त्याच अहवालात टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके (टी-४ म्हणजेच थायरॉक्सिन) मर्यादेत आहेत, टी-४ ८.९ असून छापील मर्यादा ४.५ ते १२ अशी आहे. डॉक्टरांनी डोस १०० केला. मला राहवले नाही म्हणून तीन आठवड्यांनी मी स्वतःहून पुन्हा रक्त दिले, तर टीएसएच ५.८ आला.

टी-४ पुरेसे दिसत असताना टीएसएच वाढतो कसा, आणि १०० वरही तो मर्यादेत येत नसेल तर १२५ ची गोळी लागेल का? डॉक्टरांची पुढची भेट महिनाभर लांब आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हे मला ठरवायचे आहे.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत काम करतो. डोस किती असावा हे सांगणे माझे काम नव्हे, पण आकड्यांबद्दल थोडे सांगता येईल.

टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातले थायरॉक्सिन जोखते आणि ते कमी वाटले की टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला लावते. ही ग्रंथी फार हळवी आहे. टी-४ थोडेसे घसरले तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो. टी-४ निम्मे झाले तर टीएसएच सुमारे शंभरपट होऊ शकतो, असे ढोबळमानाने मानले जाते. शिवाय छापील मर्यादा हजारो माणसांची मिळून काढलेली असते, तर प्रत्येकाची स्वतःची पातळी त्यातल्या एका अरुंद पट्ट्यात असते. त्यामुळे ८.९ हे छापील मर्यादेत असले, तरी तुमच्या शरीराच्या हिशेबाने ते कमी असू शकते.

तुमच्या अहवालातले टी-४ हे एकूण टी-४ आहे. त्यातला जवळजवळ सगळा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो आणि पेशींच्या उपयोगी पडते ते उरलेले मोकळे, म्हणजे फ्री टी-४. पुढच्या वेळी टीएसएचसोबत फ्री टी-४ मागा. गोळी चालू असताना टी-३ चा फारसा उपयोग होत नाही. रक्त सकाळी आणि त्या दिवसाची गोळी घेण्यापूर्वी द्या, कारण गोळीनंतर दोन ते चार तास फ्री टी-४ वाढलेले दिसते. प्रयोगशाळाही शक्यतो तीच ठेवा.

तीन आठवड्यांनी केलेली तपासणी मात्र घाईची झाली. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या डोसवर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून चालतो. ५.८ हा वाटेत टिपलेला आकडा आहे.

सातची गोळी

मी सोळा वर्षे ही गोळी घेते आहे, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगते. गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्धा-पाऊण तास थांबवावा. आपल्याकडे हीच गोष्ट सर्वांत अवघड असते. मीही पहिली दोन वर्षे एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात चहाचा कप अशीच होते. बाटली गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर ठेवू नका, कारण उष्णता आणि दमटपणा या गोळीला सोसत नाही. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. पाण्यासोबत घेतलेल्या औषधाने संकष्टी मोडत नाही, असा निवाडा आमच्या सासूबाईंनीच देऊन टाकला होता. कोबी आणि फ्लॉवर मात्र मी पूर्ण बंद केले आहेत, तेही करून पाहा.

एक विचारते, जुलैच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत दुसरे काही औषध सुरू झाले होते का?

गोदाकाठ

हो. हिमोग्लोबिन ९ झाले होते, म्हणून एप्रिलअखेरीपासून लोहाची गोळी चालू आहे. थायरॉइडची गोळी साडेसहाला आणि लोहाची साडेसातला, नाश्त्याबरोबर घेते. दोन्हींत तासभर अंतर असल्याने त्याचा संबंध असेल असे वाटले नाही. ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिली होती आणि थायरॉइडच्या डॉक्टरांना सांगायचे राहून गेले. जुलैच्या अहवालानंतर, केस फार गळतात म्हणून, मैत्रिणीच्या सांगण्यावरून १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळीही सुरू केली. पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेत नाही.

दवाखान्यातून

मी फिजिशियन आहे. तुम्हाला तपासलेले नसल्याने डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावा, पण तुमच्या ताज्या उत्तरात बहुतेक उलगडा झाला आहे.

लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते आणि ते रक्तात पोहोचत नाही. कॅल्शियमचेही तसेच होते. तासभर पुरत नाही, दोन्हींत निदान चार तासांचे अंतर हवे. एप्रिलअखेरीस लोह सुरू झाले आणि जुलैत टीएसएच वाढला, हा मेळ पाहता ७५ ची गोळी अपुरी नव्हती, ती पूर्ण शोषली जात नव्हती, ही शक्यता मोठी आहे. आम्लपित्तावर वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनीही शोषण घटते. म्हणून टीएसएच अचानक वाढला की डोसला हात लावण्याआधी मी रुग्णाला पिशवीतली सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगतो.

याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. लोह आता दूर नेले आणि डोस १०० च राहिला, तर तो जास्त होऊ शकतो. ग्रंथीचे काम जवळपास पूर्ण थांबलेल्या माणसाला दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे तुमच्या वजनाला १०० च्या आसपास. तुम्ही वर्षभर ७५ वर ठीक होता, त्यावरून तुमची ग्रंथी अजून काही काम करत असावी. जास्तीचा डोस दीर्घकाळ चालला, तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे झिजण्याचा धोका असतो. १२५ चा विचार सध्या सोडून द्या आणि लोह दूर केल्याचे डॉक्टरांना फोनवर कळवा. भेटीपर्यंत थांबू नका.

बायोटिनबद्दल सांगायचे, तर अनेक यंत्रांच्या तपासणी पद्धतीतच बायोटिनचा वापर असतो. रक्तात ते भरपूर असले की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटे जास्त दिसू शकते. सगळ्या पद्धतींत असे होत नाही, पण तुमचा ५.८ अर्धवट काळातला आहेच, शिवाय त्यावर पूर्ण भरवसाही ठेवता येत नाही. प्रौढाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते आणि तुम्ही तिच्या तीनशेपटींहून जास्त घेता आहात. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. केस थायरॉइडच्या कमतरतेने गळतात तसे लोहाच्या कमतरतेनेही गळतात, तेव्हा लोह मात्र थांबवू नका.

वरच्या ताईंनी गोळीबद्दल सांगितलेले सर्व बरोबर आहे, फक्त कोबी आणि फ्लॉवर त्यांनी उगाच सोडले. आयोडिनयुक्त मीठ खाणाऱ्या आणि गोळीवर असलेल्या माणसाला शिजवलेल्या कोबीने काही होत नाही.

सातची गोळी

सोळा वर्षे! आज संध्याकाळीच फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा करते.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. डॉक्टरांना फोन केला. लोहाचे ऐकल्यावर त्यांनी डोस पुन्हा ७५ केला, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर दोनला घ्यायला सांगितली आणि सात आठवड्यांनी टीएसएच व फ्री टी-४ तपासायला सांगितले. बायोटिन बंदच केले आहे. गोळीची बाटली कुठे असते ते पाहिले, तर तीही शेगडीच्या वरच होती; आता ती कपाटात गेली आहे.