यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

शाळामास्तर
काल पुन्हा तोच मेसेज आला. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा. तुमच्या नावावर कोणी आधीच मत दिलं असेल तर टेंडर व्होट मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होतं. पाठवणारे गृहस्थ चांगले शिकलेले, म्हणून एवढं लिहायला बसलो.

मी तीन निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. यादीत नाव नसेल तर मत नाही, मग आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट. चॅलेंज व्होट मतदाराने मागायचाच नसतो. समोरचा माणूस तोच आहे का अशी शंका पोलिंग एजंटला आली, तर तो दोन रुपये भरून हरकत घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो. टेंडर व्होट मात्र खरं आहे, १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ४९ प. तुमच्या नावावर आधीच मत पडलेलं निघालं तर मशीन मिळत नाही, कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्क्यांचा नियम कुठेही नाही.

गेल्या खेपेला दुपारी एक आजोबा आले. मेसेजची प्रिंट चार घड्या घालून खिशात. घर बदललं होतं, फॉर्म ८ भरला नव्हता, जुन्या यादीतूनही नाव गेलेलं. अर्धा तास माझ्याशी भांडले, मागे रांग खोळंबली. जाताना ती प्रिंट माझ्या टेबलावर ठेवून गेले. महिनाभर आधी यादी बघून घ्या असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हा मेसेज मात्र जो तो पाठवत होता.

नदीकाठ
मास्तर, नियम तुम्हाला पाठ आहेत, पण दोष कोणाच्या माथी मारताय? माझी आई चाळीस वर्षं एकाच घरात राहते. तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून नाव उडवलं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ सांगतं की असं नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्या. आम्हाला नोटीस नाही, फोन नाही, काही नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत बदल बंद, म्हणजे मतदानाच्या दिवशी कळलं तर हात चोळत परत या. आई दारात चपला घालून उभी होती, आणि मी तिला सांगत होतो की तुझं नाव नाही. अशा वेळी कोणी म्हणालं की अमुक कलम सांग, मत देता येईल, तर माणूस ते धरून ठेवणारच.

शाळामास्तर
तुमच्या आईंच्या बाबतीत झालं ते चूकच. पण ती चूक खोट्या कलमाने दुरुस्त होते का? केंद्रावरच्या माणसाच्या हातात यादी बदलणं नसतं. तुमचा राग आमच्यावर निघतो, आणि ज्याने शेरा मारला तो सुटतो.

टोकदार
एवढं कशाला? सरळ नोटा दाबा. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली की निवडणूक रद्द आणि सगळे उमेदवार बाद.

शाळामास्तर
हे आणखी चूक. २०२४ ला इंदूरला नोटाला दोन लाखांच्या वर मतं पडली. निकाल लागायचा तो लागलाच. आणि उद्या नोटा पहिला आला तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो.

रानवारा
लोकसभा-विधानसभेपुरतं बरोबर. पण महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला: महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायतींत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक. हा आयोग वेगळा आणि दिल्लीचा वेगळा, इथेच निम्मे लोक घसरतात.

शाळामास्तर
मान्य. मी सरसकट लिहायला नको होतं. पण फेरनिवडणुकीतही नोटाच पहिला आला तर तिसऱ्यांदा मतदान होत नाही, हेही सांगा. ‘सगळे बाद’ हे महाराष्ट्रात कुठेच नाही.

थोरली
मतदान पाच वर्षांतून एकदा. अशाच ऐकीव कायद्याने माझं घर गेलं ते सांगते. वडील गेले तेव्हा सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव होतं. सेक्रेटरी म्हणाले, “ताई, फ्लॅट आता त्यांचा.” काकाही तेच म्हणाले, बँकेतल्या बाईही तेच म्हणाल्या. तेराव्याच्या दुपारी भावाने शंभराचा स्टॅम्प पेपर पुढे केला. ‘माझी काही हरकत नाही’ असं टाइप केलेलं, नोटरीचा लाल शिक्का आधीच उमटवलेला, फक्त माझ्या सहीची जागा मोकळी. केली सही. पुढची सहा वर्षं मी त्या घरी पाहुणी म्हणून जात होते, बेल वाजवून.

मग एका वकीलबाईंनी समजावलं. नॉमिनी मालक होत नाही. वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे १९८३ सालीच सांगितलंय, शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये. आणि घरातला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावं लागतं, नोटरीचा शिक्का पुरत नाही.

टोकदार
अर्धवट सांगू नका. २०१६ च्या इंद्राणी वाही प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की सोसायटीने नॉमिनीच्याच नावावर करायचं. मी कमिटीवर आहे, आम्ही तसंच करतो. आणि मुलींना हक्क मिळाला २००५ ला. तुमचं लग्न आधी झालं असेल तर विषयच संपला.

रानवारा
त्याच निकालात वारसांना आपला हक्क कोर्टात मागायची मोकळीक ठेवलीय. ती केस बंगालची. आपल्याकडे २०१९ मध्ये सहकार कायद्यात १५४ ब-१३ आलं, नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद. कमिटीवर असून हे माहीत नसेल तर किती घरांत तुम्ही भांडणं लावून ठेवली असतील?

टोकदार
शब्द जपून वापरा. विनामानधन काम करतो आम्ही. मग नॉमिनी लिहून तरी का घेतात?

थोरली
सोसायटीने, बँकेने कोणाशी व्यवहार करायचा ते कळावं म्हणून. वारस ठरेपर्यंत त्यांचं काम अडू नये एवढ्यासाठी. आणि हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मालमत्तेची. आमच्या वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे, लग्न झालेलं असो वा नसो. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

घरचा धाकटा
बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी असाच एक नॉमिनी भाऊ. वडिलांना पक्षाघात झाला, नऊ वर्षं अंथरुणावर. रात्री दोनदा कुशीवर वळवायला उठायचो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. बदली नाकारली, बढती गेली. दोघी बहिणी दिवाळीला यायच्या, फोटो काढायच्या. गेल्या वर्षी वाटपाच्या दाव्याची नोटीस आली. वडील स्वतः म्हणाले होते, “घर तुझं, म्हणून तर तुझं नाव लिहिलंय.” त्यांनाही हाच कायदा वाटत होता. म्हाताऱ्या माणसाचा समज चुकला म्हणून त्याची इच्छाच मोडायची?

नदीकाठ
हेच मी आईबद्दल म्हणत होतो. सोसायटीने फॉर्म घेताना एक ओळ सांगितली असती तर?

रानवारा
धाकटे, वाईट वाटतं वाचून. पण ती इच्छा मृत्युपत्रात लिहायची असते. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही. त्यांची सही आणि त्यांना सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं पुरलं असतं.

घरचा धाकटा
आता सांगताय. कायदा बहिणींच्या बाजूने आहे, हे माझ्या वकिलांनीही सांगितलंय. मान्य करतो, पटत नाही.

टोकदार
१५४ ब-१३ वाचलं. तात्पुरता सभासद असंच आहे. पुढच्या मीटिंगला विषय घेतो. पण तुमची बोलायची पद्धत चुकीचीच होती.

थोरली
धाकटे, तुमच्या बहिणींना ओळखत नाही, त्यांच्या वतीने बोलत नाही. औषधांची, मदतनिसाची बिलं असतील तर काढून ठेवा आणि दावा पुढे जाण्याआधी त्यांच्यासमोर मांडा. माझ्या भावाने एक जरी कागद दाखवला असता तरी मी तो खर्च वाटणीत धरला असता. त्याने फक्त स्टॅम्प पेपर दाखवला.