साखर कारखान्यातील १४० संगणकांचे अँटीव्हायरससाठी गट कसे पाडावेत?

काटाघर

नमस्कार. एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. कारखाना आणि ऊसक्षेत्रातील १८ गट कार्यालये (शाखा कार्यालये) मिळून आमच्याकडे सुमारे १४० संगणक आहेत. सर्वांवर ईसेट हे अँटीव्हायरस बसवलेले असून त्यांची व्यवस्था आम्ही ईसेट प्रोटेक्टच्या कन्सोलवरून, म्हणजे सर्व संगणक एका जागेवरून हाताळणाऱ्या पडद्यावरून, पाहतो. पूर्वीपासून संगणकांचे गट इमारतीनुसार पाडलेले आहेत, म्हणजे प्रशासकीय इमारत, आसवनी, प्रयोगशाळा, मुख्य प्रवेशद्वार, गट कार्यालये असे. नवीन संगणक आला की तो ज्या इमारतीत जाईल त्या गटात टाकायचा, एवढाच नियम होता.

गेल्या हंगामात या रचनेचा दोष समोर आला. प्रवेशद्वाराच्या गटात सुरक्षा रक्षकांचा संगणक, टोकन खोलीतला संगणक आणि चारही वजनकाट्यांचे संगणक एकत्र आहेत. संपूर्ण स्कॅनची वेळ आम्ही दुपारी एकची ठेवली होती, कारण कार्यालयात ती जेवणाची सुट्टी असते. काट्यावर मात्र सुट्टी नसते. गाळप सुरू असताना तिथे तिन्ही पाळ्यांत काम चालते. त्या दिवशी काट्यावरचे सॉफ्टवेअर इतके मंदावले की एरवी मिनिटभरात होणाऱ्या भरलेल्या गाडीच्या वजनाला पाच-सहा मिनिटे लागू लागली आणि ट्रॅक्टर व बैलगाड्यांची रांग गाडीतळ ओलांडून रस्त्यावर गेली. तोडलेला ऊस उन्हात थांबला की त्याचे वजन घटते आणि ते नुकसान थेट शेतकऱ्याचे असते. ही चूक सर्वस्वी आमच्या नियोजनाची होती आणि ती पुन्हा होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुढील हंगामापूर्वी गटांची रचना मुळापासून बदलायची आहे. विभागानुसार गट करावेत, कामानुसार करावेत की विंडोजच्या आवृत्तीनुसार? काट्यांपैकी दोन संगणक अजून विंडोज ७ वर आहेत.

नियमावली

नमस्कार काटाघर सर. गट पाडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या संगणकाला लागू होणारे नियम शेजारच्या संगणकापेक्षा वेगळे आहेत का? वेगळे असतील तरच वेगळा गट करावा. लेखा विभाग आणि शेती विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात, पण दोन्हीकडे स्कॅनची वेळ, यूएसबीवरील निर्बंध आणि अद्यतनाची पद्धत सारखीच असेल, तर त्यांना एका गटात ठेवायला हरकत नाही. टोकन खोली आणि काटा यांच्यामध्ये एकच भिंत असली, तरी त्यांना एका गटात ठेवणे चूक आहे.

ईसेटमध्ये एक संगणक एका वेळी एकाच स्टॅटिक (आपण हाताने ठरवलेल्या) गटात राहू शकतो, त्यामुळे स्टॅटिक गट कामानुसार करावेत: कार्यालयीन संगणक, वजनकाटे, सर्व्हर, प्रयोगशाळा, गट कार्यालये. विंडोजची आवृत्ती, जुन्या झालेल्या व्याख्या (विषाणू ओळखण्याची माहिती) यांसारख्या बदलत्या गोष्टी डायनॅमिक (अटीनुसार आपोआप भरणाऱ्या) गटांवर सोपवाव्यात, कारण एकच संगणक अशा अनेक गटांत असू शकतो. गट कार्यालयांतील संगणक हंगाम संपला की कित्येक आठवडे बंद असतात. ते पुन्हा सुरू झाल्यावर ‘जुन्या व्याख्या’ या डायनॅमिक गटात आपोआप यावेत आणि गटात येताच आधी अद्यतन व मग स्कॅन व्हावे, असे टास्क लावता येते. मात्र गटात बसायचे की नाही, हे त्या संगणकावरील एजंट, म्हणजे कन्सोलशी संपर्क ठेवणारा ईसेटचा छोटा प्रोग्रॅम, स्वतः ठरवतो. त्यामुळे बंद असलेला संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत अशा गटात नव्याने येणार नाही. अशा संगणकांसाठी शेवटच्या संपर्काच्या तारखेचा अहवाल दर आठवड्याला पाहावा.

आता काट्यांविषयी. सॉफ्टवेअर देणारे बहुधा संपूर्ण ड्राइव्ह स्कॅनमधून वगळायला सांगतात. ते कृपया ऐकू नये. काट्याची माहिती एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये साठत असेल, तर एमडीएफ आणि एलडीएफ या डेटाबेस फाइली वगळणे बहुतेक वेळा पुरेसे असते. इथे अनेकांची फसगत होते ती यादीच्या बाबतीत. वरच्या गटाच्या धोरणात (गटाला लावलेल्या सेटिंगच्या संचात) वगळण्याची एक यादी असेल आणि खालच्या गटाच्या धोरणात दुसरी, तर ‘रिप्लेस’ निवडल्यास वरची यादी गळून पडते आणि ‘अपेंड’ निवडल्यास दोन्ही एकत्र लागू होतात. धोरण लावल्यानंतर काट्यावरील एका संगणकाची प्रत्यक्ष लागू झालेली सेटिंग कन्सोलमध्ये उघडून स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी.

सावध पाऊल

नियमावली यांचे म्हणणे पटते, पण त्यांच्या रचनेत चाचणी गट नाही आणि माझ्या मते सर्वांत आधी तोच करायला हवा. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या व्याख्येने विंडोज एक्सपीतील एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच मूळ फाइल विषाणू ठरवली आणि संगणक पुन:पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. दोन्ही वेळा संरक्षणाचे साधनच संगणक बंद पडण्याचे कारण ठरले.

म्हणून प्रत्येक विभागातून एक, असे सात-आठ संगणक चाचणी गटात घ्यावेत आणि अद्यतने तिथे आधी येऊ द्यावीत. काट्यांसाठी ईसेटमधील ‘डिलेड अपडेट’चा पर्याय वापरता येतो. त्यात व्याख्या काही तास उशिरा येतात. तेवढ्या काळात नव्या विषाणूपासून संरक्षण कमी राहते हे खरे, पण काट्याच्या संगणकावर ई-मेल आणि इंटरनेट बंद ठेवले, तर हा व्यवहार मला योग्य वाटतो.

काटाघर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज बसून यादी केली तेव्हा लक्षात आले की १४० पैकी जवळजवळ शंभर संगणकांना एकच नियम पुरेसा आहे. आम्ही उगाच त्यांचे नऊ गट केले होते. ‘लॉस्ट अँड फाउंड’ या, कोणत्याच गटात न टाकलेल्या संगणकांच्या गटात ११ संगणक तसेच पडून होते आणि त्यांपैकी एक प्रयोगशाळेत रोज वापरात आहे. एक प्रश्न उरतो. मिल हाउस आणि टर्बाइनच्या नियंत्रण कक्षातील संगणकही याच कन्सोलमध्ये, स्वतंत्र गट करून आणावेत का?

नियमावली

यंत्रणा पुरवणाऱ्याची लेखी संमती मिळेपर्यंत आणू नयेत. आणलेच तर आपोआप रीस्टार्ट आणि दिवसाचे स्कॅन पूर्ण बंद ठेवावे. वरच्या गटाकडून येणारे कोणतेही टास्क तिथे पोहोचणार नाही, हे आधी एका रिकाम्या संगणकावर पाहून घ्यावे.

बंदरपट्टी

या शेवटच्या प्रश्नावर मला आग्रहाने सांगायचे आहे. कन्सोलमध्ये वेगळा गट केला म्हणून ते संगणक जाळ्यावर वेगळे होत नाहीत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विषाणू पसरला, तेव्हा मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या जगभरातील यंत्रणा कोलमडल्या आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचेही काम ठप्प झाले. त्याने ज्या त्रुटीचा आधार घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती. एका संगणकावरून चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर तो दुरुस्ती झालेल्या संगणकांतही शिरत होता.

त्यामुळे नियंत्रण कक्षाचे जाळे स्वतंत्र व्हीलॅनवर (त्याच जाळ्यातील वेगळ्या केलेल्या भागावर) घ्यावे, मध्ये फायरवॉल ठेवून कार्यालयाकडून येणारे ४४५ क्रमांकाचे पोर्ट (विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याचा मार्ग) बंद करावे आणि देखभालीचा अ‍ॅडमिन पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवू नये. काट्यावरील विंडोज ७ च्या दोन संगणकांनाही हेच लागू करावे, कारण त्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आहे. आता गाळप बंद आहे, तेव्हा ते दोन संगणक बदलण्याचा प्रस्ताव पुढच्याच संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवावा; काटा सुरू झाला की त्याला हात लावायला कोणीही परवानगी देणार नाही.