तैवानमधील माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दसंग्रह आणि वाचनसराव : सल्ला हवा आहे

अबोली_शिनचू :
नमस्कार. आम्ही चार वर्षांपासून तैवानमधील शिनचू येथे राहतो. आमच्या इमारतीतील चार मुले आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतात. त्यांपैकी तिघे आठवी-नववीत आहेत, तर एक मुलगा उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षात आहे. सर्वांची मातृभाषा मंदारिन चिनी आहे. शाळा सुटल्यावर ही मुले बुशिबानमध्ये, म्हणजे खाजगी शिकवणीवर्गात जातात आणि तेथे दर आठवड्याला तीस-चाळीस शब्द पाठ करून त्यांची चाचणी देतात. कोणताही शब्द विचारला तर चिनी अर्थ तत्काळ सांगतात, परंतु त्याच शब्दांनी लिहिलेला अर्ध्या पानाचा उतारा समोर ठेवला की दुसऱ्या ओळीतच अडखळतात.

मागच्या मंगळवारी एका मुलीला खोडरबर हवे होते. तिने शेजारच्या मुलाला 'कॅन यू बॉरो मी अॅन इरेझर' असे विचारले. मी तिची वही पाहिली, तर 'बॉरो' आणि 'लेंड' हे दोन्ही शब्द शुद्ध लिहिलेले होते आणि दोहोंसमोर एकच चिनी अक्षर होते, 'जिए'. तिने पाठांतरात काहीही चूक केलेली नव्हती, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटले.

शब्द कसे शिकवावेत, कोणती पुस्तके वाचायला द्यावीत आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुचौकर :
अबोलीताई, मी सात वर्षे चीनमधील सुचौ येथे होतो. तेथे ऑक्सफर्डच्या 'बुकवर्म्स' मालिकेची द्विभाषिक आवृत्ती 'शूचुंग' या नावाने बहुतेक पुस्तकदुकानांत मिळते. तिच्या पहिल्या पायरीवर ४००, दुसऱ्या पायरीवर ७०० आणि तिसऱ्या पायरीवर १००० मूळ शब्द वापरलेले असतात, त्यामुळे मुलांच्या कुवतीप्रमाणे पुस्तक निवडता येते. शक्य असल्यास केवळ इंग्रजी आवृत्ती घ्यावी, कारण चिनी मजकूर हाताशी असला की डोळे आपोआप तिकडेच वळतात. माझ्या मुलीच्या वर्गमैत्रिणींनी पुस्तके संपवली खरी, पण ती चिनीतून.

जुना_शिक्षक :
अबोलीताई, मी तैवानमधील तायचुंगमध्ये अकरा वर्षे माध्यमिक शाळेतील मुलांना इंग्रजी शिकवले आणि आता सांगलीत निवृत्त जीवन जगतो आहे. आपण सांगितलेला 'जिए'चा प्रसंग मी दर वर्षी पाहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एका इंग्रजी शब्दासमोर एक चिनी शब्द लिहिण्याची पद्धत हेच या अडचणीचे मूळ आहे. चिनीतील 'जिए' म्हणजे उसने घेणेही आणि उसने देणेही. 'खान' म्हणजे पाहणे, बघत बसणे आणि वाचणेही. 'खाय' म्हणजे दार उघडणे, दिवा लावणे आणि गाडी चालवणेही. त्यामुळे मुले 'आय सी अ बुक' किंवा 'ओपन द लाइट' असे लिहितात, तेव्हा ती आपल्या भाषेशी प्रामाणिकच असतात. वहीत अर्थाच्या रकान्याऐवजी शब्द ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य लिहून घ्यावे आणि त्याखाली मुलाने आपल्या घरातील किंवा शाळेतील एखाद्या खऱ्या गोष्टीविषयी स्वतःचे वाक्य लिहावे. आठवड्याला चाळीस शब्दांऐवजी दहाच झाले तरी चालतील. ते दहा शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर आले पाहिजेत, यावर मात्र तडजोड करू नये.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची, आणि येथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, जी मला फार उशिरा लक्षात आली. 'तायनानला राहणाऱ्या काकांनी मला दिलेले पुस्तक' हे वाक्यखंड चिनीत जवळजवळ याच क्रमाने येते : आधी तायनानला राहणारे, मग काका, मग मला दिलेले आणि शेवटी पुस्तक. आपल्या 'राहणाऱ्या' आणि 'दिलेले' या रूपांतील '-णारा' आणि '-लेला' जे काम करतात, ते चिनीत 'द' हा छोटासा शब्द करतो. इंग्रजीत मात्र पुस्तक सर्वांत आधी येते, मग 'जे काकांनी मला दिले', मग 'जे तायनानला राहतात', आणि एवढे सर्व झाल्यावर त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगणारे क्रियापद येते. चिनी मुलाला प्रत्येक शब्द येत असूनही तो दुसऱ्या ओळीत हरवतो, याचे कारण बहुधा हेच असते. मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी, नामाखाली रेघ मारायला सांगावी, त्याच्या मागून आलेला संपूर्ण तपशील कंसात टाकायला सांगावा आणि मग मुख्य क्रियापद शोधायला सांगावे. कंसातील मजकूर चिनीत तोंडी सांगायला लावला की 'अरे, हा तर पुढे जातो!' असे तो स्वतःच म्हणतो. मी हा सराव रोज केवळ तीन वाक्यांवर घेत असे.

वाचनासाठी पुस्तक निवडताना मात्र ते आपल्याला वाटते त्याहून बरेच सोपे घ्यावे. हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासातून असे दिसले की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची असेल, तर शंभरातील सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे २०० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द चारपेक्षा जास्त नसावेत. बुशिबानमधील उताऱ्यांत असे वीस-वीस शब्द असतात. त्याला वाचन म्हणणे कठीण आहे, तो शब्दकोशाचा सराव होतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आपल्याकडची आहे. मर्यादित शब्दांत लिहिलेल्या वाचनपुस्तकांचा मोठा प्रयोग मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात बंगालमध्ये केला. ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते आणि वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही मुलांना पुस्तक वाचता येत नाही, ही त्यांची चिंता होती. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० शब्दांची प्रसिद्ध यादी आली. आपल्या शिनचूच्या मुलांची अडचण ढाक्याच्या त्या मुलांपेक्षा फारशी वेगळी नाही.

अबोली_शिनचू :
सर, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कंसाचा सराव मी कालच घेतला. चारांपैकी तीन मुलांना तो पहिल्याच वाक्यात समजला. आणखी दोन शंका आहेत. मुलांना नेमके किती शब्द येतात, हे कसे तपासावे? आणि उच्च माध्यमिकमधील मुलासमोर परीक्षा मंडळाची सहा पातळ्यांची, सुमारे ६००० शब्दांची यादी आहे, तर धाकट्यांसाठी २००० शब्दांची यादी आहे, ज्यातील १२०० शब्द मूलभूत मानले जातात. या याद्या बाजूला ठेवण्याचे धाडस पालकांना होणार नाही.

भाषाभ्यासक_पुणे :
शब्द तपासण्यासाठी पॉल नेशन यांची शब्दसंग्रह-चाचणी वापरावी. ती मोफत उपलब्ध आहे आणि तिची मंदारिनमध्ये पर्याय दिलेली आवृत्तीही आहे. मूळ चाचणीत १४० प्रश्न असून प्रत्येक प्रश्न शंभर शब्दांचे प्रतिनिधित्व करतो. आपल्या मुलांसाठी पहिले चाळीस-पन्नास प्रश्न पुरेसे होतील. एखादा उतारा किती कठीण आहे, हे पाहण्यासाठी टॉम कॉब यांच्या लेक्सट्यूटर या संकेतस्थळावर तो चिकटवला, तर कोणते शब्द पहिल्या हजारातील आणि कोणते दुर्मिळ, ते वेगवेगळ्या रंगांत दिसते.

जुना_शिक्षक :
याद्या मुळीच बाजूला ठेवू नका, त्या पालकांचा आधार आहेत. फक्त क्रम उलटा करावा : मुलाने गोष्ट वाचावी, तिच्यात भेटलेले शब्द यादीत शोधून त्यांवर खूण करावी. पहिल्या तीन पुस्तकांनंतर यादीतील किती खुणा झाल्या, हे पालकांना दाखवले की त्यांची काळजी बरीच कमी होते.

मोठ्या मुलासाठी मूळ धातू आणि उपसर्ग अवश्य शिकवावेत. चिनी मुले त्यात पटकन रमतात, कारण त्यांच्या लिपीत नदी, समुद्र आणि सरोवर या तिन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला पाण्याचे तेच तीन थेंब असतात. आपण प्रहार, आहार, विहार, संहार यांतून जे शिकलो, तेच ती 'इंपोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्सपोर्ट' यांतून शिकतात. चिनी शब्दही असेच जोडून बनतात. आगगाडीला ते 'ह्वोछ' म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ आगीची गाडी असाच आहे. मात्र इंग्रजीत 'काऊ' आणि 'बीफ' यांत काहीच समान नसते, तर चिनीत गोमांस म्हणजे सरळ गायीचे मांस. जेथे असा दुवा नसतो, तेथे शब्द वाक्यातूनच लक्षात राहतो.

२०२२ पासून तैवानमधील विद्यापीठ-प्रवेशाच्या इंग्रजी परीक्षेत मिश्र प्रश्नही असतात, ज्यांत उताऱ्यातील शब्द योग्य रूपात बदलून लिहावा लागू शकतो. चिनीत क्रियापदाला काळाचा आणि नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नसल्यामुळे मुलांचे गुण नेमके येथे जातात. वाचून झालेल्या पानातील दहा क्रियापदांची रूपे मोठ्याने म्हणून घ्यावीत.

अबोली_शिनचू :
तीन आठवड्यांनंतर पुन्हा लिहिते आहे. खोडरबर मागणाऱ्या मुलीने ७०० शब्दांच्या पायरीवरचे पुस्तक पाच दिवसांत संपवले. काल तिने मला विचारले की 'ऑलदो' नंतर पुस्तकात 'बट' का येत नाही, कारण ती नेहमी दोन्ही लिहिते. मला चटकन उत्तर देता आले नाही.

जुना_शिक्षक :
तिचे मनापासून कौतुक करा, कारण हा प्रश्न केवळ वाचणाऱ्यालाच पडतो. चिनीत 'स्वेइरान' आले की पुढे 'दानशी' येते, जसे आपल्याकडे 'जरी' आले की 'तरी' येते. इंग्रजीला त्या जोडीतील एकच शब्द पुरतो. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच आहे. तिला नियम सांगण्याऐवजी तिने संपवलेल्या पुस्तकातील 'ऑलदो' असलेली सर्व वाक्ये शोधून वहीत उतरवायला सांगा, आणि मग तिच्या जुन्या निबंधांतील अशी वाक्ये तिच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.