नडगीची आतली बाजू दुखते: बूट बदलू, अंतर कमी करू की दोन्ही?

पहाटपावलं

अर्ध-मॅरेथॉनला (२१ किमी) १४ आठवडे आहेत. आधी आठवड्याला २५ ते २८ किमी, चार दिवसांत. अलीकडच्या तीन आठवड्यांत ते ४२ वर नेलं, लाँग रन (आठवड्यातला सर्वांत लांब पल्ला) ११ वरून १६ वर. त्याच सुमारास बूटही बदलले: जुने १० मिमी ड्रॉपचे (टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक), नवे ४ मिमीचे. आता दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला, घोट्याच्या थोडं वर, दुखतं. पळायला सुरुवात केली की दुखतं, दोनेक किमीनंतर जाणवेनासं होतं आणि संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढतं. चालताना काही नाही.

बाकी माहिती: १० किमीची वेळ ५८ मिनिटं, रोजचा पेस साधारण किमीला ६:१५ मिनिटं, केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) १६२.

तीन प्रश्न आहेत. ओल्या पावलाचा ठसा घेतला तर पाय सपाट दिसतो, म्हणून 'स्टॅबिलिटी'वाले (पाऊल आत कलू न देणारे) बूट घ्या असं दुकानात सांगितलं, घ्यावेत का? पळणं पूर्ण बंद करावं का? आणि केडन्स १८० वर न्यावी का?

---

घोटा_गुडघा

आधी एक गोष्ट तपासा, बाकीचं नंतर. बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालून वर न्या. दुखरा पट्टा पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असेल तर हाडाच्या आवरणावर आणि त्याला जोडलेल्या ऊतींवर ताण आलाय, ज्याला सगळे 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात. पण दुखणं बोटाच्या पेराएवढ्या एकाच ठिकाणी असेल, रात्री पडल्यावर ठणकत असेल, चालतानाही जाणवत असेल, किंवा पळताना कमी होण्याऐवजी वाढत जात असेल, तर हाडाला बारीक चीर जात असल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत एक पाऊलही पळायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर निर्धास्त होऊ नका. एमआरआयमध्ये लवकर दिसतं. दोन्ही पाय दुखतात म्हणून चीर नसेलच, असंही नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिला प्रकार वाटतो, आणि कारण तुमच्याच मजकुरात आहे. अंतर दीडपट, लाँग रन जवळपास दीडपट आणि ड्रॉप निम्म्याहून कमी, हे सगळं एकाच महिन्यात. शिवाय चौथी गोष्ट तुम्ही 'बाकी माहिती'त टाकलीय: पेस. १० किमी ५८ मिनिटांत म्हणजे अर्ध-मॅरेथॉन साधारण २ तास ८ मिनिटांत, म्हणजे किमीला ६:०४. तुम्ही रोज ६:१५ नं पळताय. थोडक्यात, आठवड्यातून चार वेळा जवळजवळ शर्यतीच्या वेगानं. तुमचा सोपा पेस ६:५० ते ७:२० च्या मध्ये कुठेतरी असायला हवा. पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो रन सोपा नाही, घड्याळ काहीही म्हणो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच का दुखतं, तर दम आणि स्नायू लवकर सुधारतात, हाडाला महिने लागतात. ताण आला की हाड आधी जुना भाग शोषून घेतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ती जागा उलट कमकुवत असते. दम वाढल्यामुळे पळवतंय आणि हाड मात्र मागे राहिलंय, अशी ती अवस्था.

चालताना दुखत नाही, तेव्हा पूर्ण बंद करायची गरज नाही. माझा आराखडा असा:

पहिले दोन आठवडे दिवसाआड ४-५ किमी, ४ मिनिटं पळणं आणि १ मिनिट चालणं. तिसऱ्या आठवड्यापासून सलग. लाँग रन तिसऱ्या आठवड्यापासून ७, ८, ९, मग हलका आठवडा ८, पुढे १०, ११.५, १३, पुन्हा हलका ११, मग १४.५, १६, शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ११. एकूण अंतर लाँग रनच्या साधारण अडीच ते तीनपट. शर्यतीआधी २१ पळून 'बघायची' गरज नाही.

नियम एकच: पळताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त नको. तीन ओलांडलं तर त्याच दिवशी थांबा. सकाळी वाढलेलं आढळलं तर एक पळण्याचा दिवस गाळा आणि आराखड्यात एक आठवडा मागे जा. पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन हा नियम पाळता येत नाही. दुखणं झाकलं जातं आणि घाम गाळताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

---

लेसचीगाठ

बुटांबद्दल. ओल्या पावलाचा ठसा बघून बूट ठरवायची पद्धत दिसायला शास्त्रीय आहे, पण कसोटीला उतरलेली नाही. अमेरिकी सैन्याच्या भरतीतल्या प्रशिक्षणार्थींवर हे मोठ्या प्रमाणात पाहिलं गेलं: एका गटाला पायाच्या कमानीनुसार बूट, दुसऱ्या गटात सगळ्यांना एकाच प्रकारचे. दुखापतींत फरक पडला नाही. सपाट पाय हा आजार नाही. तुमचे पाय २८ किमीलाही सपाटच होते आणि तेव्हा दुखत नव्हते.

ड्रॉपचा मात्र संबंध आहे. तो कमी केला की गुडघ्यावरचा भार थोडा उतरतो आणि पोटरी व टाचेमागच्या अकिलीस कंडरेवर चढतो. पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू आणि त्याचं आवरण नडगीच्या आतल्या कडेलाच जोडलेलं असतं, म्हणजे तुमचं दुखतं नेमकं तिथेच. ४ मिमीचा बूट वाईट आहे असं नाही, तुम्ही तो एकदम सगळ्या किलोमीटरांना लावलात.

म्हणून जुने बूट बाहेर काढा आणि तपासा. टेबलावर ठेवून मागून पाहा, एका बाजूला कलले असतील तर गेले. तळाचं रबर झिजून फोम दिसतोय का? साधारण ५०० ते ८०० किमी झाले असतील तर त्याच ड्रॉपचे नवे घ्या. ठीक असतील तर पुढचे चार-पाच आठवडे तेच. नवे बूट नंतर आठवड्यातून एकदा, सर्वांत छोट्या रनला, ३ किमीपासून. पूर्ण बदलायला सहा ते आठ आठवडे द्या. दोन जोड आलटून-पालटून वापरणं तसंही चांगलं, ताण एकाच जागी साचत नाही.

माप घेताना दिवस संपत आला की घ्या, पाय सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रुंदी बघायची सोपी युक्ती: आतली इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे, पुढचा नंबर घेऊन ते सुटत नाही. नखं काळी पडण्याचं कारण बहुतेक वेळा पुढची जागा कमी किंवा टाच सैल, हेच असतं. टाच सुटत असेल तर सर्वांत वरचं जास्तीचं भोक वापरा: लेस त्याच बाजूच्या भोकातून आत घालून छोटा फासा ठेवायचा, मग समोरची लेस त्या फाशातून ओढून गाठ मारायची. भोक त्यासाठीच असतं, बहुतेक जण ते रिकामं ठेवतात.

आणि कार्बन प्लेटचे (तळात कार्बनची कडक पट्टी असलेले) बूट सध्या डोक्यातून काढा. ते वापरणाऱ्या काही धावकांना पावलाच्या मधल्या भागातल्या हाडात ताणाच्या इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. दुखऱ्या नडगीवर नवा प्रयोग नको.

---

मेट्रोनोम

१८० हा आकडा फार बोकाळलाय. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकानं १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळे १८० किंवा वर होते. पण ते जगातले उत्तम धावपटू, तेही शर्यतीच्या वेगात. ७ च्या पेसला १८० पावलं म्हणजे तुमच्यासाठी जागच्या जागी उड्या.

तुमचे १६२ आहेत, पाच टक्के वाढवून १७० करा. वेग तोच ठेवायचा आणि पाऊल थोडं आखूड टाकायचं. पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही, नडगीला बसणारा धक्का कमी होतो. सगळा रन असं करू नका. १ मिनिट मेट्रोनोमच्या (ठरावीक ठेका देणाऱ्या यंत्राच्या किंवा अ‍ॅपच्या) ठेक्यावर, ३ मिनिटं विसरून, असं पाच-सहा वेळा. तीन-चार आठवड्यांत अंगवळणी पडतं. एक लक्षात ठेवा, पेस ७ वर आणलात की केडन्स आपोआप दोन-चारनं उतरेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घोटा_गुडघा, एक शंका. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम तुम्ही दिला नाहीत?

---

घोटा_गुडघा

मुद्दामच नाही दिला. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवख्या धावकांचे दोन गट केले होते, एक दहा टक्क्यांनी वाढवणारा, दुसरा त्याहून भरभर. दुखापतींचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच आलं. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवसाची उडी जास्त महागात पडते. म्हणून गेल्या महिनाभरातल्या सर्वांत लांब रनपेक्षा पुढचा फार तर दहाएक टक्क्यांनी मोठा, हे मी जास्त मानतो. छोट्या अंतरांत टक्के मोजत बसू नये, एक-दीड किमीची वाढ हे माप पुरतं.

---

पहाटपावलं

सगळ्यांचे आभार. अंगठ्यानं दाबून पाहिलं, पट्टा आठ-नऊ सेंटीमीटरचा आहे, एका जागी टोचत नाही. दोन गोष्टी राहिल्या. व्यायाम कोणते करू? आणि हलकं होऊन पळावं म्हणून रात्रीचं जेवण निम्मं केलंय, दोन महिन्यांत तीन किलो उतरले. याचा दुखण्याशी संबंध असू शकतो का?

---

ताटभर

असू शकतो, आणि हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं. अंतर वाढवताना खाणं कमी करणं ही हाडांसाठी सर्वांत वाईट जोडी आहे. पळण्यात खर्च होऊन उरलेली ऊर्जा शरीराच्या रोजच्या कामांना पुरली नाही की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री हाडांची दुरुस्ती, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती यांना लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असं नाव दिलं. हे फक्त बारीक अंगकाठीच्या लोकांना होतं असं नाही, वजन नेहमीचं असूनही होतं.

खुणा ओळखा: पाळी अनियमित होणं किंवा थांबणं (तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं), पुरुषांत कामेच्छा कमी होणं, सारखी थंडी वाजणं, झोप मोडणं, चिडचिड, वारंवार सर्दी, विश्रांती घेऊनही पाय जड. यातलं काही असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही.

वजन उतरवायचंच असेल तर ते शर्यतीनंतर. सध्या रात्रीचं जेवण पूर्ववत करा, पळून आल्यावर तासाभरात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं दोन्ही पोटात जाऊ द्या. दिवसभरात प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ८५ ते ९५ ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून. लाँग रन दीड तासाच्या पुढे जायला लागला की पळतानाही तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. त्याची सवय तेव्हाच करा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काही खाऊन पोट बिघडवू नका.

पाणी तहानेप्रमाणे. लाँग रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. पळून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय, आणि ते जास्त धोक्याचं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण येतं आणि प्रकरण जिवावर जाऊ शकतं.

---

लेसचीगाठ

व्यायाम मी सांगते, दोनच मुख्य. भिंतीला हात टेकून एका पायावर टाच उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा तो वाकवून. वाकवलेला प्रकार लोक गाळतात, पण सोलियसवर खरा भार त्यातच येतो. दोन्ही पायांवर सुरू करा, मग एका पायावर. १२ ते १५ चे तीन संच, वर जायला एक सेकंद, खाली यायला तीन. टाच वर असताना घोटा बाहेर कलंडू देऊ नका. एका पायावर सलग २५ जमायला लागले की संख्या वाढवू नका, पाठीवरच्या पिशवीत ५ किलो टाका आणि पुन्हा १२ वर या.

दुसरा: भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे, चवडे वर उचलणं, २० चे दोन संच.

हे आठवड्यातून तीनदा, पळण्याच्याच दिवशी, पळून झाल्यावर. विश्रांतीच्या दिवशी करायला गेलात तर हाडाला विश्रांतीचा दिवसच उरत नाही.

---

मेट्रोनोम

एक तारीख आत्ताच ठरवून ठेवा. घोटा_गुडघाच्या आराखड्यात नवव्या आठवड्याला १३ किमी आहेत. तोपर्यंत ते तीनच्या आत दुखणं ठेवून जमले नाहीत, तर त्याच स्पर्धेत १० किमीचा गट असेल तर नाव तिकडे हलवा. बहुतेक ठिकाणी गट बदलायला मुदत असते, ती शोधून ठेवा. १३ जमले, पण दुसऱ्या दिवशी कुरकुर असेल, तर अर्ध-मॅरेथॉन पळा, पण पहिल्या किमीपासून ९ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. दुखायला लागल्यावर चालायचं असं ठरवू नका, तोवर उशीर झालेला असतो.