सल्ला हवा: इथिओपियाच्या राजांचा कालक्रम तक्ता, 7 मिळवू की 8?

दौत_लेखणी (धागाकर्ता)
वाचनालयाच्या भिंतीवर इथिओपियाच्या, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या हबसाणच्या, राजांचा तक्ता लावायचा आहे. फ्लेक्स 6 फूट बाय 3 फूट. छपाईसकट एकूण खर्च 1500 रुपये, मुदत 3 आठवडे. नेटवरच्या तीन याद्यांत एकाच राजाची तीन वर्षं सापडतात. तीन प्रश्न आहेत. सुरुवात दंतकथेतल्या शेबाच्या राणीपासून करू, अक्सुमच्या प्राचीन राज्यापासून की येकुनो अमलाकच्या घराण्यापासून, म्हणजे 1270 पासून? इसवी सन काढायला तिकडच्या सनात 7 मिळवायचे की 8? आणि एकाच वेळी दोघं गादीवर असतील तर काय करायचं? कृपया काही विकत घ्यायला सांगू नका.

पोथीबंद
एन्सायक्लोपीडिया इथिओपिका. 2003 ते 2014 या काळात निघालेले पाच खंड. प्रत्येक राजावर वेगळी नोंद, मूळ साधनांसह. हे हाताशी नसेल तर तक्ता करूच नये. 1500 रुपयांत एका खंडाचा पुठ्ठादेखील येणार नाही, पण स्वस्त तक्ता आणि अचूक तक्ता यांत तुम्हालाच निवडायचं आहे.

मीठभाकर
सनात 8 मिळवा, झालं. एवढा काथ्याकूट कशाला?

पंचांगी
मीठभाकर, अशानेच याद्या बिघडतात. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य 3, शके 1551. नुसते 78 मिळवले तर 1629 येतं, पण तारीख आहे 19 फेब्रुवारी 1630. शकाचं वर्ष चैत्रात उघडतं, म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये 79 लागतात. इथिओपियाचंही तेच, फक्त त्यांचं वर्ष 1 मेस्केरेमला उघडतं. हल्ली तो दिवस 11 सप्टेंबरला येतो. वर्षाच्या पहिल्या साडेतीन-चार महिन्यांत 7 मिळवायचे, जानेवारी लागला की 8.

बापलेकाचं उदाहरण घ्या. लिब्ने देंगेल वारला 5 मेस्केरेम 1533 ला. 7 मिळवून 1540. त्याचा मुलगा गलावदेवोस लढाईत पडला 27 मेगाबित 1551 ला. 8 मिळवून 1559. दोघांनाही 8 लावले तर बाप एक वर्ष जास्त जगतो आणि मुलाची कारकीर्द एक वर्षाने तोकडी होते. नेटवरच्या याद्यांत दिसणारा एक-एक वर्षाचा फरक बहुतेक वेळा इथूनच येतो.

महिने 13 आहेत. 12 महिने 30 दिवसांचे आणि शेवटचा पागुमे 5 दिवसांचा. चार वर्षांतून एकदा पागुमे 6 दिवसांचा होतो. वर्षांना क्रमाने मत्तय, मार्क, लूक, योहान अशी नावं असतात आणि लूकच्या वर्षाअखेर जादा दिवस पडतो. सनाला 4 ने भागून बाकी 3 उरली की लूक. तिकडच्या राजांच्या बखरीत 'अमुक, मार्कच्या वर्षी' असं लिहिलेलं असतं. त्यावरून नकलनविसाची चूक पकडता येते. आकडा आणि नाव जुळत नसेल तर आधी आकड्यावर संशय घ्या.

जुनेनाणे
पंचांगींशी सहमत, पण एक पायरी राहिली. हे उत्तर ज्यूलियन, म्हणजे युरोपच्या जुन्या पंचांगाचं आहे, की ग्रेगोरियन, म्हणजे 1582 पासूनच्या आजच्या पंचांगाचं? लिब्ने देंगेलची तारीख 2 सप्टेंबर 1540 ही ज्यूलियन आहे. मोबाइलवरच्या बऱ्याच परिवर्तकांत तोच दिवस 12 सप्टेंबर दिसतो, कारण ते ग्रेगोरियन पंचांग मागे ताणतात. आणि 'मेस्केरेम 1 म्हणजे 11 सप्टेंबर' हे पाठ करून बोटांवर मोजलं तर 15 येतं! 11 सप्टेंबर हे 1900 नंतरचं गणित आहे. ज्यूलियनमध्ये 1 मेस्केरेम कायम 29 ऑगस्ट, लूकनंतरच्या वर्षी 30. फरक 1582 पासून 10 दिवस, 1700 पासून 11, 1800 पासून 12, 1900 पासून 13.

इथिओपियाने इटलीला हरवलं त्या अडव्याच्या विजयदिनाचंच पाहा. लढाई 23 येकातित 1888, म्हणजे 1 मार्च 1896. आज तोच 23 येकातित 2 मार्चला येतो. कोणी चुकलेलं नाही, मध्ये 1900 साल गेलं.

मीठभाकर
एका दिवसाने भिंत पडणार आहे का?

जुनेनाणे
भिंत पडणार नाही, मेस्केरेममधली तारीख मात्र पडते. 1974 मध्ये हायले सेलासींना पदच्युत केलं तो दिवस 2 मेस्केरेम 1967, म्हणजे 12 सप्टेंबर. दोन दिवस मागेपुढे झाले की अख्खं वर्ष बदलतं.

कोरडी_शाई
एक्सेलमध्ये करणार असाल तर थांबा. एक्सेल 1900 च्या आधीची तारीख तारीख मानत नाही, मजकूर म्हणून ठेवतो. त्यावर वजाबाकी होत नाही आणि क्रमही उलटसुलट लागतो. शिवाय 29 फेब्रुवारी 1900 हा कधी न उगवलेला दिवस त्याच्या मोजणीत आहे. फुकटचं लिब्रेऑफिस कॅल्क घ्या. ते 15 ऑक्टोबर 1582 च्या आधीच्या तारखा ज्यूलियन धरतं, इथे तेच हवंय.

त्याहून पक्कं म्हणजे प्रत्येक तारखेचा ज्यूलियन दिनांक (म्हणजे दिवसांचा सलग क्रमांक, ज्यूलियन पंचांग नव्हे) काढून ठेवा:

1724221 + 365 × (वर्ष − 1) + (वर्ष ÷ 4 चा पूर्णांक भाग) + 30 × (महिना − 1) + दिवस − 1

5 मेस्केरेम 1533 घातलं की 2283788 यायला हवं, 2 मेस्केरेम 1967 ला 2442303. हे दोन जुळले तर सूत्र बरोबर उतरलं समजा. यातून 2415019 वजा करून खान्याला तारखेचं रूप दिलं की कॅल्क तारीख दाखवतं. उत्तर उणे आलं तरी घाबरू नका, 1540 साठी ते उणे 131231 येतं.

दोन तक्ते ठेवा, एकात माणूस, दुसऱ्यात कारकीर्द. एकाच तक्त्यात सगळं कोंबलं की तेक्ले गियोर्गिस पहिला आला की गाडी रुळावरून उतरते. हा गृहस्थ 1779 ते 1800 या काळात सहा वेळा गादीवर बसला. माणूस एक, ओळी सहा. याकोबच्या दोन, 1597 ते 1603 आणि पुन्हा 1604 पासून. मधली ओळ झा देंगेलची.

हबसाणकर
अवांतर: मलिक अंबर 1626 मध्ये वारला तेव्हा तिकडे सुसेन्योस राज्यावर होता. तक्त्याच्या खालच्या बाजूला दख्खनची समांतर पट्टी टाका. निजामशाही, जंजिऱ्याचे सिद्दी, सगळं एका नजरेत येईल. बघणारे तिथेच थांबतील.

पोथीबंद
जंजिऱ्याचा इथे काय संबंध? मग विजापूरचे हबशी का नकोत? वेगळा धागा काढा.

हबसाणकर
संबंध हवाय? 1541 मध्ये पोर्तुगीज आरमार गोव्याहून तांबड्या समुद्रात गेलं, आणि गव्हर्नरचा भाऊ क्रिस्तोव्हांव द गामा चारशे माणसं घेऊन मसावाला उतरला, गलावदेवोसच्या मदतीला. पेद्रो पायश 1603 मध्ये गेला तोही गोव्याकडूनच. पंधराशे-सोळाशेच्या राजांच्या तारखा या लोकांच्या पत्रांवर ताडून बघता येतात. पायशच्या वेळची जेझुइट पत्रं नव्या पंचांगाची आहेत, बखर जुन्या पंचांगाची. दोघांत 10 दिवसांचा फरक दिसला तर तो वाद नव्हे, तीच तारीख.

जुनेनाणे
हे मात्र कामाचं. पंचांगाचा रकाना वेगळा ठेवा आणि मूळ साधनात जसं लिहिलंय तसं त्या शेजारी. रूपांतर करून मूळ पुसून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नंतर उलटं जाता येत नाही.

मीठभाकर
मीही तेच म्हणत होतो, जानेवारीपासून 8 मिळवा.

तांब्याचा_पैसा
कोणी अक्सुमबद्दल बोलतच नाहीये. 1270 पासून सुरू करणं म्हणजे शिवाजी महाराजांपासून महाराष्ट्र सुरू करणं. अक्सुमचा कालक्रम बखरीतून मिळणार नाही, नाण्यांतून मिळेल. पहिली नाणी एंडुबिसची, इ.स. 270 च्या आसपास. आधी चंद्रकोर आणि बिंब, मग क्रूस. एझानाच्या नाण्यांवर दोन्ही सापडतात, म्हणजे धर्मांतराची रेघ त्याच्याच कारकिर्दीत. रोमन सम्राट कॉन्स्टान्टियस दुसरा याचं एझाना आणि साझाना या भावांना लिहिलेलं साधारण 356 चं पत्र आहे, म्हणजे एक खुंटी पक्की. पुढच्या राजांचा क्रम लावायला सोन्याचा कस उपयोगी पडतो, तो उतरत जातो. पुढची खुंटी कालेब, येमेनमधल्या हिम्यर राज्यावरची मोठी स्वारी 525 च्या सुमारास. येमेनच्या शिलालेखांत हिम्यरी सन असतो, त्यातून साधारण 110 वजा करा. 633 म्हणजे 523. आरमाहपाशी, सातव्या शतकाच्या सुरुवातीला, नाणी थांबतात.

आणि पारंपरिक यादीत एझाना शोधत बसू नका, सापडणार नाही. तिथे धर्मांतराचं श्रेय अब्रेहा आणि अत्स्बेहा या जोडीला आहे. नाण्यांवरचे बरेच राजे यादीत नाहीत, यादीतले बरेच नाण्यांवर नाहीत. दोन्ही एका रांगेत गुंफल्या की भेळ होते.

कोरडी_शाई
मग पक्केपणाचा रकाना हवाच. अ म्हणजे दिवस माहीत, ब म्हणजे वर्ष, क म्हणजे दशक, ड म्हणजे फक्त क्रम. अक्सुम बहुतेक क आणि ड. 1270 च्या आधीचं झाग्वे घराणं तर पूर्ण ड, काही याद्या त्याला 133 वर्षं देतात, काही 333. आकडा एकच पडावा म्हणून सरासरी काढू नका!

पोथीबंद
नावांचा घोळ राहिला. राज्यावर बसताना दुसरं नाव घेतात. लिब्ने देंगेल म्हणजेच वनाग सगद, म्हणजेच दावित दुसरा. सर्सा देंगेल म्हणजे मलाक सगद. फासिलेदेस म्हणजे आलम सगद. एका माणसाचे तीन राजे करून ठेवलेल्या याद्या पाहिल्यात. उलटही होतं. गेब्रे मेस्केल हे नाव लालिबेलाचं आणि आम्दा सेयोन पहिल्याचंही. दानपत्रात एवढंच नाव असेल तर शतक आधी ठरवा, मग राजा.

पंचांगी
आणि सुरुवात कधीपासून मोजायची तेही आधी ठरवा. योहान्नेस चौथ्याने प्रतिस्पर्ध्याला हरवलं जुलै 1871 मध्ये, राज्याभिषेक 21 जानेवारी 1872. मेनेलिक दुसऱ्याने हक्क सांगितला मार्च 1889 मध्ये, अभिषेक 3 नोव्हेंबर 1889, म्हणजे 25 तिकिम्त 1882. हायले सेलासींचं 2 एप्रिल 1930 धरणारे आहेत, 2 नोव्हेंबर 1930 धरणारेही. लिज इयासूला तर अभिषेकच झाला नाही, तरी 27 सप्टेंबर 1916 ला पायउतार झाला. 'सत्ता हाती' आणि 'अभिषेक' असे दोन रकाने करा, तक्त्यावर एकच निवडा आणि कुठला निवडला ते कोपऱ्यात छापा.

तांब्याचा_पैसा
हैले सेलासी लिहा. हायले कोण म्हणतं?

पंचांगी
जे अम्हारिक ऐकतात ते.

कोरडी_शाई
लेखनाचा वाद नको. तिकडच्या गीझ लिपीतलं नाव एका रकान्यात ठेवा, मराठीत काहीही लिहा पण सगळीकडे एकच.

मापाचं बघू. 1270 ते 1974 ही 704 वर्षं. 6 फूट म्हणजे 1829 मिलिमीटर, समास सोडून 1700 धरा. वर्षाला 2.4 मिलिमीटर पडतात. 1494 मध्ये आम्दा सेयोन दुसरा सहा महिने होता, त्याच्या वाट्याला एक मिलिमीटर. त्यात नाव मावणार नाही, रेघ ओढून वरच्या बाजूला लिहावं लागेल. 1294 ते 1299 ची पाच भावांची वर्षं एकाच चौकटीत घाला, त्यांचा क्रमच प्रत्येक यादीत वेगळा आहे. शेबाच्या राणीपासून केलं तर माप जवळजवळ चौथाईवर येईल. आणि राजघराण्याची 1922 ची ती अधिकृत यादी घेतली तर वर्षाला पाव मिलिमीटर!

दौत_लेखणी (धागाकर्ता)
1922 ची म्हणजे इ.स.पू. साडेचार हजारांच्या आसपास सुरू होणारी ना? ती तर सलग आहे, एकही खाडा नाही.

जुनेनाणे
खाडा नाही हीच तर तिची गोम. तिच्यात कुशचे, म्हणजे आजच्या सुदानमधल्या राज्याचे, पियांखी आणि तहार्कासुद्धा इथिओपियाचे राजे म्हणून घुसलेत. ख्रिस्तपूर्व भागातला बराच मजकूर 1904 मध्ये फ्रान्समध्ये छापलेल्या इतिहासाशी जुळतो. सलग वर्षं, पोकळी नाही, कुठेही 'सुमारे' नाही. अशी यादी दिसली की हात आखडता घ्यावा. 1922 मध्ये राजघराण्याला स्वतःचा इतिहास कसा दाखवायचा होता, याचा ती पुरावा म्हणून उत्तम. राजांचा कालक्रम म्हणून नाही.

पोथीबंद
सहमत. 1270 पासूनच करा. येकुनो अमलाकच्या आधीचं दोन ओळींत.

तांब्याचा_पैसा
असहमत. 270 पासून.

मीठभाकर
तेवोद्रोसपासून करा. 1855 ते 1974, सात-आठ नावं. 1868 ला मुंबईची फौज त्याच्या मग्दाला किल्ल्यावर गेली होती, लोकांना ओळखीचं वाटेल. 3 आठवड्यांत तेवढंच होतं.

कोरडी_शाई
पहिल्यांदाच मीठभाकर यांचं पटतंय. तेवोद्रोस दुसऱ्याचा अभिषेक 11 फेब्रुवारी 1855, मृत्यू 13 एप्रिल 1868. इथून पुढे जवळजवळ सगळं अ दर्जाचं. उलट दिशेने सुरू करा, 1974 पासून मागे. पक्कं आधी भरलं जातं आणि वेळ संपली तर कच्चं उरतं, पक्कं नाही. फक्त मेनेलिकची शेवा प्रांताचा राजा म्हणून 1865 पासूनची वर्षं सम्राटांच्या रांगेत घालू नका. नेगुस (राजा) वेगळा, नेगुसे नेगेस्त (राजांचा राजा, म्हणजे सम्राट) वेगळा. हायले सेलासीही 1928 ला आधी नेगुस झाले.

दौत_लेखणी (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं. मधली पट्टी 1270 ते 1974, मापात. दिवस छापणार नाही, फक्त वर्ष, आणि वर्ष अभिषेकाचं. दोन रकाने फायलीत राहतील. 1769 ते 1855 हा सरदारांच्या झगड्याचा काळ एकाच राखाडी पट्ट्यात, आत गादीवर बसलेल्यांची नावं आणि प्रत्येकापुढे किती वेळा बसला तो आकडा. अक्सुमची नाणी डावीकडे चार चौकटींत, बाणाशिवाय.

आणि हो, 1922 ची यादी घेतोय. अख्खी. वर अरुंद पट्टीत, बारीक अक्षरात, मापाशिवाय, मथळा 'राजघराण्याने सांगितलेली वंशावळ, 1922'. शेबाची राणी दिसली नाही तर पहिल्याच दिवशी चार जण विचारतील आणि मला फ्लेक्सखाली उभं राहून समजावत बसायचं नाहीये.

जुनेनाणे
हे मला अजिबात मान्य नाही.

पंचांगी
निदान त्या पट्टीतल्या वर्षांना हात लावू नका, 7 ना 8. ती जशी छापली आहेत तशीच.

तांब्याचा_पैसा
चार चौकटी कमी आहेत. एंडुबिस, एझाना, कालेब, आरमाह झाले की संपलं. अक्सुमच्या वाझेबा राजाला कुठे बसवणार?

कोरडी_शाई
छपाईला देण्याआधी फायलीत 1533 शोधा. समोर 1541 दिसलं तर अख्खा रकाना पुन्हा चालवा.