मदत हवी आहे: वडिलांचा मधुमेह उशिरा कळला, घरातील इतरांची तपासणी कुठे, कशी आणि किती दिवसांनी करावी?

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. घरची केळीची शेती आहे आणि मी शिक्षक आहे. प्रश्न विचारण्याआधी घडलेली हकीकत सांगतो, कारण त्यावाचून माझी नेमकी अडचण कळणार नाही.

गेल्या पावसाळ्यात बागेत काम करताना वडिलांच्या (वय ६१) उजव्या पायाच्या अंगठ्याला ठिबकच्या नळीचा तुटलेला जोड लागला. जखम एवढीशी होती, पण ती झाल्याचे त्यांना कळलेही नाही. संध्याकाळी त्यांच्या चपलेत रक्त दिसले तेव्हा आईच्या लक्षात आले. हळद लावून, चिंधी बांधून ते तीन आठवडे बागेत जात राहिले आणि विचारले की "माले काहीच त्रास नही" एवढेच म्हणत. अंगठा काळवंडू लागला तेव्हा तालुक्याला नेले. तेथे उपाशीपोटीची साखर २८६ निघाली. पायाची संवेदना कमी झाली आहे आणि डोळ्यांच्या पडद्यावरही परिणाम दिसतो, म्हणजे हा आजार काही वर्षांपासून अंगात असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. अंगठा वाचला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

मला रात्री झोपू न देणारी गोष्ट वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी गावात एक आरोग्य शिबिर झाले होते. त्यात वडिलांच्या बोटातून रक्त घेतले, यंत्रावर १९४ आकडा आला, "थोडी जास्त आहे, गोड कमी खा" असे सांगितले गेले आणि रांग पुढे सरकली. कागदावर काही लिहून मिळाले नाही, पुन्हा केव्हा आणि कोणाकडे जायचे हेही कोणी सांगितले नाही. वडिलांनी आठवडाभर बिनसाखरेचा चहा घेतला आणि विषय तेथेच संपला. मी त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा होतो, तरी पुढे काय विचारायला हवे हे मला सुचले नाही.

आता घरातील इतरांविषयी. माझे वय ३८, कंबर ९४ सेंटीमीटर, काम बसून आणि व्यायाम शून्य. पत्नी ३३ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात तिला मधुमेह झाला होता, तो प्रसूतीनंतर "गेला" असे सांगण्यात आले आणि त्यानंतर एकदाही तपासणी झालेली नाही. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून शेतीच पाहतो. त्याच्या मानेच्या मागे गेली काही वर्षे काळी, मखमलीसारखी जाडसर त्वचा झाली आहे, आणि आई ती उन्हाने झाली असे समजून डाळीच्या पिठाने आणि लिंबाने घासत असते.

माझी विनंती अशी आहे की, आम्हा तिघांनी कोणती तपासणी करावी, ती गावाजवळ होईल की जळगाव गाठावे लागेल, घरी यंत्र घेऊन भागेल का, आणि मुख्य म्हणजे आलेल्या आकड्याचा पाठपुरावा कोणी तरी करील अशी व्यवस्था गावात राहून कशी लावता येईल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी जळगाव जिल्ह्यातच तालुक्याच्या ठिकाणी वैद्यकीय व्यवसाय करतो. आपण विचारलेला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांची साखर पूर्वी कोठे ना कोठे तपासलेली असते. त्या आकड्याला वाली नसतो, एवढेच. आकडा १४०च्या वर गेला की शिबिराचे काम संपत नाही, त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवून शिरेतील रक्ताची तपासणी करून घ्यावयाची असते. वडिलांच्या बाबतीत तोच दुवा तुटला.

बोटातून रक्त घेणारे यंत्र संशयितांना वेगळे काढण्यासाठी चांगले, निदानासाठी नव्हे. निदानासाठी किमान आठ तास उपाशी राहून शिरेतील रक्त द्यावे आणि नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन दोन तासांनी पुन्हा द्यावे. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनंतर १४० ते १९९ ही मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनंतर २०० आणि त्याहून अधिक आकडे मधुमेहाचे. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावर शिक्का मारू नये, दुसऱ्या तपासणीने खात्री करावी. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. गावात घेतलेला नमुना मोटारसायकलवरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत रक्तातील पेशी त्यातील साखर वापरत राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून नमुना फ्लोराइड असलेल्या, सहसा करड्या बुचाच्या नळीतच घेतला आहे, हे पाहावे.

तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ही तपासणी उपाशी न राहता होते, तिचा ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा आणि ६.५ पासून मधुमेह. मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो आणि आपल्याकडील स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेचा पंडुरोगही पुष्कळ. या दोन्हींत हा आकडा फसवतो. आपल्या पत्नीचे हिमोग्लोबिन आधी पाहावे आणि तिच्यासाठी ग्लुकोजची तपासणीच धरून चालावे. गरोदरपणातील मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा जातो, पण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मागे ठेवून जातो. प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत पहिली तपासणी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी, असा नियम आहे. चार वर्षे राहून गेली, ती आता राहू देऊ नयेत.

भावाच्या मानेवरचा काळेपणा घासून जाणारा नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण बहुतेक वेळा असते, त्यामुळे वय ३४ असले तरी त्याची तपासणी सर्वांत आधी व्हावी. आपल्यापुरते सांगायचे तर, मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी केलेल्या जोखीम मोजणीत वयाचे २०, कमरेचे १०, वडिलांना मधुमेह असल्याचे १० आणि व्यायाम नसल्याचे ३०, असे आपले ७० गुण होतात. ६० पासून धोका अधिक मानतात. यातील चाळीस गुण आपल्या हातात आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात, मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांनी तीन वर्षे चालणे आणि आहार सांभाळला, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खुशाल खावी, पण ती मोजून. ताटात भाजी आणि डाळ वाढली की तिसरी भाकरी आपोआप सुटते.

व्यवस्थेविषयी एकच सुचवतो. घरातील सर्वांसाठी जवळचा एकच डॉक्टर ठरवावा आणि एक वही ठेवावी, जिच्यात तारीख, वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांसमोरच लिहिली जाईल.

प्रतिसाद २

मी आरोग्य सेविका आहे. ३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, कंबर, व्यायाम आणि घराण्यातील आजार विचारून एक तक्ता भरतात. तो टाळू नये. घरी यंत्र वापरणार असाल तर बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पुसून कोरडा करावा. आमच्याकडे एका ताईंचा आकडा २३१ आला होता. त्या केळी सोलूनच आल्या होत्या. हात धुवून पुन्हा पाहिले तर ११८.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. तिघांच्याही तपासण्या तालुक्यालाच झाल्या, जळगावला जावे लागले नाही. पत्नीचे दोन्ही आकडे योग्य आहेत आणि पुढच्या वर्षीची तारीख वहीत लिहिली आहे. माझी उपाशीपोटी १०८ आणि दोन तासांनी १५२ आली. औषध नाही, रोज पाऊण तास चालणे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. भावाची उपाशीपोटी १३१ निघाली. त्याला कसलाच त्रास नसल्यामुळे डॉक्टरांनी गुरुवारी दुसऱ्यांदा बोलावले आहे. आईने मान घासणे थांबवले आहे.

एक अडचण उरली आहे. वडील पुन्हा बागेत जाऊ लागले आहेत. अनवाणी जायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे, पण चिखलात साधी चप्पल रुतते आणि गमबुटात पाय घामाने भिजून बोटांमध्ये चिरा पडतात. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला ओल्या बागेत दिवसभर वापरता येईल असे बंद पादत्राण कोणी वापरले असल्यास, ते कोणत्या प्रकारचे आहे आणि कोठे मिळते, हे कृपया सांगावे.